टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

आदिलाबाद जिल्ह्यात गेल्या बारा वर्षांत ज्यांनी ज्यांनी छोटी गाडी घेतली, त्यांतल्या निम्म्यांना ती आमच्या इवायांनी घ्यायला लावली आणि उरलेल्या निम्म्यांना दुसरी एखादी घेण्यापासून वाचवलं. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. पण खोडून काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इवाई म्हणजे व्याही. आमच्या या सीमेवरच्या मराठीत व्याह्याला इवाई आणि विहिणीला इहीन म्हणतात. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली आहे. दोघं हैदराबादला नोकरी करतात आणि इकडे आम्ही दोन्ही घरं एकाच गावात, मधे फक्त दोन गल्ल्या. मुलीच्या सासरच्यांपासून निदान चाळीस किलोमीटर लांब राहावं असं माझं लग्नाआधीपासूनचं मत होतं. ते अजूनही आहे. फक्त या एका घराला त्यातून सूट दिली आहे.

इवाई बस डेपोतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी डिझेल पंपाशेजारच्या खोलीत काढली. कोणत्या बसमध्ये किती डिझेल भरलं, ती किती धावून आली, लिटरमागे किती किलोमीटर पडले, हे लिहायचं काम. पुढे पुढे त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली. आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा तिचं शिक्षण, उंची, नोकरी यांतलं काही न विचारता त्यांनी मला विचारलं, "इहीनबाई, तुमच्या घरी सिलिंडर किती दिवस पुरते?" मी म्हटलं, "पाहुणे किती वेळ बसतात त्यावर आहे." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की तिथेच लग्न ठरलं. त्यांचा एक सिद्धांत आहे: "तेल गाडी पीत नाई, पाय पिते." त्यामुळे गावातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पायाचं वजन त्यांना माहीत आहे. डॉक्टरांचा पाय जड. कापसाच्या दलालाचा त्याहून जड, कारण त्याला भैंशाच्या बाजारात दुसऱ्या दलालाच्या आधी पोचायचं असतं. एका निवृत्त तहसीलदारांविषयी ते म्हणाले होते, "साहेबाचा पाय हलका हाये, पन फैसला होत नाई. ब्रेक का एक्सलेटर, या तारखेवरून त्या तारखेवर."

गाडी पारखायची त्यांची पद्धत शोरूमवाल्यांना आता माहीत झाली आहे, आणि काही जण त्यांना आत येताना पाहून जेवायला निघून जातात. कंपनीचा कागद ते हातात घेतात, अॅव्हरेजचा आकडा वाचतात, त्यातून मनात पाच वजा करतात आणि कागद परत देतात. मग इंजिन नाही, रंग नाही, आधी मागचं दार उघडतात आणि बायकोला, म्हणजे माझ्या इहीनबाईंना, म्हणतात, "बस." इहीनबाईंचा डावा गुडघा फार वर्षांपासून दुखतो. साडी सावरून, दाराला धरून, गुडघा आधी आत न्यायचा की शेवटी हे ठरवत त्या बसतात, आणि गाडीचा पहिला निकाल तिथे लागतो. दार पुरतं उघडत नाही, नापास. सीट इतकी खोल की उठताना हात द्यावा लागतो, नापास. पुढची सीट मागे सरकवली आणि गुडघ्याला टेकली, नापास. त्यानंतर डिक्की. त्यासाठी ते घरून ज्वारीचं भरलेलं पोतं नेतात. विकणारा मुलगा डिक्की किती लिटरची आहे ते सांगायला लागला की म्हणतात, "लिटरनं कोन मोजते? दूध नेतो का आपन?" स्टेपनी इतर चाकांएवढी आहे की सायकलसारखी बारीक, चार जण बसवल्यावर गाडीच्या पोटाखालून वीतभर हात जातो की नाही, उन्हात तासभर उभी केलेली गाडी एसीनं किती वेळात गार होते, सगळं बघून होतं. शेवटी तांब्या. पितळेचा तांब्या काठोकाठ भरून चालू इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचा. पाणी सांडलं की गाडी गेली. एकदा एक नवीन सेल्समन घाबरून म्हणाला, "अंकल, ये कौन सी पूजा है?" इवाई शांतपणे म्हणाले, "पूजा नक्को समझो, इम्तिहान समझो."

आता हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसतो. पण त्यांचं ऐकून गाडी घेतलेला माणूस पस्तावल्याचं मी पाहिलेलं नाही. कारण ते गाडीआधी माणसाला तपासतात. रोज कुठे जाता, किती जण, रस्ता कसा, बिघडली तर जवळचा मिस्त्री कोण, त्याला ही गाडी उघडता येते का. आमच्या शाळेतल्या एका सरांना मोठी, उंच गाडी हवी होती. का, तर वर्षातून दोनदा सगळं खटलं देवाला जातं. इवाई म्हणाले, "गुरुजी, मानूस वर्षातून दोनदा लागनाऱ्या गाडीत रोज तेल भरते. दोनदा भाड्यानं जा, रोज लहान चालवा." मी वीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, पण इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

गाडी घेतली तरी परीक्षा संपत नाही. खरी परीक्षा त्यानंतर: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. डॅशबोर्डवर जो आकडा उजळतो तो त्यांच्या लेखी निवडणुकीतल्या भाषणासारखा. पंपावर नळी आपोआप थांबली की भरणारा बाजूला होतो. इवाई त्याला थांबवतात, गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून तिच्या पोटातली हवा काढतात आणि टाकीच्या तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत पुन्हा भरायला लावतात. मागे उभे असलेले लोक हॉर्न वाजवतात. मग ठरलेल्या रस्त्यानं जाऊन यायचं, आणि त्याच दिवशी त्याच पंपावर त्याच नळीनं पुन्हा तशीच हलवून भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडीनं खाल्लं. नवीन मालकानं चालवायची, इवाई डाव्या सीटवर वही घेऊन, इहीनबाई मागे. "तुमी चालवा, मी कान देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्ताही ठरलेला: आदिलाबादहून बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या काठच्या एका गावापर्यंत आणि परत. त्या रस्त्यावर सगळं आहे, असं ते म्हणत. गुळगुळीत डांबर, खड्डे, काळी माती, कापसाच्या लादलेल्या गाड्या आणि म्हशी.

आणखीही एक गोष्ट होती, ती ते म्हणत नसत. त्या गावात इहीनबाईंची आई राहते. म्हातारीचं वय घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. दृष्टी गेली आहे, कान शाबूत आहेत. गावाला दिवसातून दोनदा बस जाते, पण बसच्या पायऱ्या इहीनबाईंच्या गुडघ्याला झेपत नाहीत. भाड्याची गाडी करून त्या एकदा गेल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. "दारात भाड्याची गाडी उभी असली की मायशी बोलता येत नाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "तो हारन वाजवते." मुलगा हैदराबादला, तो दिवाळीला येतो तेव्हा नेतो. बाकी वर्षभर हिशेब असा होता की जिल्ह्यात कुणीतरी छोटी गाडी घ्यायची, मग इहीनबाईंना आई भेटायची. कुणाच्या बढतीची, कुणाच्या लग्नाची बातमी आली की त्या लगेच विचारत, "गाडी घेऊन राह्यले का ते?" मला तो भोचकपणा वाटायचा. विहिणीविषयी काही वाटायला फार पुरावा लागत नाही.

मग दिवस पालटले. लोक मोठ्या, उंच, काळ्या काचांच्या गाड्या हप्त्यावर घ्यायला लागले. छोटी घेणारेही फोनवरच व्हिडिओ बघून मोकळे. बघता बघता पूर्ण एक वर्ष गेलं आणि इवायांना कुणी बोलावलं नाही. ज्वारीचं पोतं दाराआड पडून राहिलं आणि त्याला सोंडे लागले. एका बारशाला इहीनबाईंनी मला तीनदा विचारलं, "तुमाले कवा घ्याची हाये गाडी?" मी तो टोमणा समजले आणि म्हणाले, "तुमच्या मुलानं सासूला घेऊन दिली की."

खरं तर मला गाडी हवीच होती. माझी शाळा उटनूरच्या रस्त्याला, दोन बस बदलून. माझे यजमान मंचेरियलला नोकरीला, आठवड्याला येतात, त्यांच्या भरवशावर काही नाही. पन्नाशीला टेकताना मी गाडी शिकले आणि इवायांना निरोप पाठवला. पगारात बसेल, कमी पिईल, अरुंद गल्लीत वळेल, एवढीच अट. ते सात आठवडे घोळ घालत होते. सात आठवड्यांत मी चिडले, भांडले, एकदा परस्पर बुकिंग करायला निघाले. शेवटी एक पांढरी, छोटी, बिनस्क्रीनची गाडी पास झाली. तिला क्लच नसलेलाही एक प्रकार होता. तो मी विचारला तर त्यांनी हात झटकला. "ते आळशी मानसाचं काम. घाटात चढावर ते डबडं विचार करत बसते. तेलबी जास्त, दामबी जास्त."

परीक्षेच्या दिवशी इहीनबाई सकाळी सहालाच माझ्या दारात. नवी साडी, पिशवीत आईसाठी मऊ भात आणि सीताफळं. पंपावर गाडी हलवून झाली, आम्ही निघालो आणि पहिल्या किलोमीटरपासून माझ्या पायाचा उद्धार सुरू झाला.

"पाय, इहीनबाई, पाय!"

"माझा पाय माझा आहे."

"पाय तुमचा, पेट्रोलबी तुमचंच. मी का म्हून बोलू? पन चौथा टाका आता. ती मागून राह्यली चौथा, ऐका ना."

मला काही ऐकू येत नव्हतं. मागून इहीनबाई म्हणाल्या, "लगनापासून असंच हाये. कुकरच्या शिट्ट्याबी हेच मोजते."

गावात पोचलो. म्हातारी ओसरीवर बसली होती. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून तिनं मान उचलली आणि विचारलं, "या टायमाले कोनाची गाडी?"

"इहीनबाईची, माय. पोराच्या सासूची."

"बरी हाये," म्हातारी म्हणाली. "त्या डागदरापेक्षा आवाज कमी हाये." बारा वर्षांतल्या सगळ्या गाड्या तिच्या कानात होत्या. मग ती मुलीचा हात धरून बसली. इवाई वही उघडून ओसरीखाली उभे होते. तासाभरात त्यांनी घसा खाकरला. परीक्षा म्हणजे परीक्षा, एसी न लावता ऊन चढायच्या आत परतायला हवं. म्हातारीनं लगेच हात सोडला. सोडायची तिला सवय होती, हे मला दिसलं, आणि ते मला आवडलं नाही.

परतीच्या वाटेवर माझं डोकं उठलं. मला अर्धशिशी आहे. एका डोळ्यापुढे नागमोडी उजेड नाचायला लागला आणि मी कापसाच्या एका शेताशी, कडुनिंबाखाली गाडी घेतली. "आता तुम्ही चालवा," मी इवायांना म्हटलं. ते उतरले, फेरा घालून माझ्या बाजूला आले, मी उतरले, ते बसले. किल्ली होती, रस्ता मोकळा होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोर बघत राहिले. मला वाटलं, इंजिनाचं काहीतरी ऐकताहेत.

"इहीनबाई," ते म्हणाले, "मले गाडी येत नाई."

मागून इहीनबाईंनी एक मोठा श्वास सोडला. "इतके वर्सं मी कोनाले सांगतलं नाई, बाप्पा. आज तुमीच सांगतलं."

मी डोकं धरून तशीच उभी. शंभरेक गाड्या पास-नापास करणारा माणूस! मी विचारलं, "का शिकला नाहीत?" ते हळूच म्हणाले, "डेपोत असताना कोनत्या बसले अपघात झाला की टाकीत डिझेल किती उरलं ते मोजाले मले पाठवत. काम तेवढंच. पट्टी टाकाची, आकडा लिवाचा. पन टाकीपर्यंत जाताना ड्रायव्हरची सीट नजरेले पडे." मग ते उतरले आणि झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

माझी गोळी लागू होईपर्यंत तिथे थांबणं भाग होतं. मी मागच्या सीटवर आडवी झाले म्हणून इहीनबाई पुढे गेल्या, आणि डावी सीट उन्हात होती म्हणून उजवीकडे, स्टेअरिंगपुढे बसल्या. थोड्या वेळानं मी डोळे किलकिले केले तर बाईंनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते आणि आरशात स्वतःला नाही, मागचा रस्ता बघत होत्या.

"हे शिकाले किती दिवस लागते?" त्यांनी मला विचारलं.

"मला दोन महिने लागले."

"तुमी घाई करता," त्या म्हणाल्या. "मले दीड लागन."

बाहेरून इवाई म्हणाले, "गुडघा?" डावा गुडघा. क्लचचा पाय. त्या एका शब्दानं बाईंचे हात स्टेअरिंगवरून खाली आले. आणि मला, डोकं ठणकत असताना, एकदम हसू आलं. या माणसानं बारा वर्षं प्रत्येक गाडीत बायकोला बसवून पाहिलं होतं. दार, सीट, गुडघ्याला जागा, उठताना त्रास. मागच्या सीटवर. पुढे उजवीकडे एकदाही बसवून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "इवाई, ते आळशी माणसाचं डबडं आहे ना, त्याला डाव्या पायाचं कामच नसतं." त्यांनी वही उघडली आणि तशीच मिटली. माझ्या गाडीचा त्या दिवशीचा आकडाही वहीत आला नाही, कारण उभ्या गाडीत मी एसी चालू ठेवला होता.

पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. मग कळलं की ते रोज शोरूममध्ये जाऊन बसतात. ज्या बिनक्लचच्या गाडीला त्यांनी डझनभर गिऱ्हाइकांपुढे नापास केलं होतं, ती ते सेल्समनला चढावर चालवायला लावत होते. पोतं नाही, तांब्या नाही. एक दिवस इहीनबाईंना उजव्या सीटवर बसवलं, डावा पाय मोकळा ठेवायला सांगितला आणि वाकून विचारलं, "दुखते का?" त्या म्हणाल्या, "नाई." गाडी पास झाली. तेल जास्त, दाम जास्त, चढावर विचार करत बसणारी. निवृत्तीच्या पैशातून घेतली. "विचार करते तर करू दे," ते मला म्हणाले. "घरात कोनीतरी विचार करनारं पाह्यजेच."

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी बाजार समितीच्या यार्डात, कापसाचा हंगाम अजून सुरू न झाल्यानं मैदान मोकळं. एक विहीण दुसरीला गाडी शिकवते हे बघायला तिथले हमाल चहा घेऊन बसत आणि तेलुगूत ओरडत, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा!" हळू, बाई, हळू. त्याची काही गरज नव्हती. इहीनबाई इतक्या हळू चालवत की एक कुत्रं आमच्यापुढे चालता चालता कंटाळून बसलं. मी जरा जोरात चालवा म्हणून ओरडे, त्या शांतपणे म्हणत, "इहीनबाई, पोरगी आमच्या घरी देल्ली तुमी, जीव नाई." इवाई भिंतीजवळ पाठ करून उभे असत, पण कान इकडेच. सातव्या दिवशी ते न वळता म्हणाले, "पाय हलका हाये." पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाही ड्रायव्हरबद्दल हे पुढे 'पन' न लावता म्हटलं नसेल. बाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून गचकन ब्रेक मारला.

दीड महिन्यात त्या शिकल्या. मला दोन लागले होते, याची आठवण त्या अजून करून देतात.

परवानाही पहिल्याच खेपेत मिळाला. त्यानंतर एका रविवारी त्यांच्या गाडीची परीक्षा ठरली. सोबत मी, मागच्या सीटवर. काही झालं तर सांभाळायला. पंपावर इवायांनी गाडी हलवली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, सगळं रीतीप्रमाणे. ते डाव्या सीटवर बसले. त्यांचा एक हात दाराच्या कडीला होता आणि बेल्यापर्यंत तिथेच राहिला. पहिल्यांदाच ते रस्ताभर काही बोलले नाहीत. चौथा नाही, पाचवा नाही. गिअर गाडीचे, पाय बायकोचा. तो कडुनिंब आला तेव्हा इहीनबाईंनी गाडी आपणहून थोडी सावकाश केली आणि पुढे नेली.

म्हातारी ओसरीवरच होती. मागच्या वेळेपेक्षा मला ती जरा आणखी आखडल्यासारखी वाटली. तिनं मान उचलली.

"या टायमाले कोनाची गाडी?"

इहीनबाईंनी दार उघडलं, डावा पाय आधी खाली टेकवला, मग उजवा. कुणाचा हात धरला नाही. "माही," त्या म्हणाल्या. "माही गाडी हाये, माय. मीच आनली."

म्हातारीनं एवढंच विचारलं, "मंग आज राह्यशीन?"

इहीनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. राहायचं म्हणजे परीक्षा मोडणार. त्याच दिवशी, त्याच पंपावर, त्याच नळीनं. इवाई वही उघडून उभे होते, निघतानाचा आकडा वर लिहिलेला, खाली जागा मोकळी. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "राहू ना," ते म्हणाले. "टाकी कुठं पळून जाते?"

माझी सोमवारी शाळा होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही विषय काढला नाही. पाच वाजता मी एकटी फाट्यावर आले. निघताना मागे पाहिलं, तर दोघी ओसरीवर सीताफळं फोडत होत्या आणि इवाई अंगणात त्या गाडीला फडक्यानं पुसत होते. अशा किती फेऱ्या उरल्या आहेत हे त्या दोघींपैकी कुणी काढलं नव्हतं, आणि आकडे काढणाऱ्या माणसाची वही खिशात होती. तेव्हापासून त्या गाडीचा अॅव्हरेज मला कुणी सांगितलेला नाही. विचारलं की इवाई म्हणतात, "काढू ना सावकाश. ती मधात कुठंबी थांबते." माझ्या गाडीचा मी काढते, पण पंपावर ती हलवायला आता कुणी नसतं, आणि डाव्या सीटवर माझी दप्तराची पिशवी असते.

त्या संध्याकाळी बस वेळेवर आली. मी पायऱ्या चढले, पुढची जागा मिळाली. बस सुटली आणि मी नकळत ऐकायला लागले. ड्रायव्हरचा पाय जड होता.